बाखचा क्रेडो पहिल्यांदा ऐकताय? आधी शफल बंद करा

बाख म्हणजे अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार, आणि क्रेडो म्हणजे ख्रिस्ती लोक नक्की काय मानतात त्या मजकुराला त्याने लावलेली चाल. मी हा क्रेडो पहिल्यांदा ऐकला तो चक्क उलटसुलट. फोनवर फुकटवालं अ‍ॅप, शफल चालू राहिलेलं, त्यामुळे येशू आधी कबरीतून उठला, मग वधस्तंभावर गेला, मग जन्मला, आणि मधे एका विम्याची जाहिरात. पंधरा मिनिटांत बंद केलं, म्हटलं भारी असेल, पण आपलं काम नाही. वसईची एक मैत्रीण आहे, लहानपणापासून चर्चच्या क्वायरमध्ये गाते, तिला हे सांगितलं तर ती हसून हसून बेजार, म्हणाली अरे तू कादंबरीची पानं पिसून वाचलीस आणि वर म्हणतोस कथा कळली नाही.

तर हे त्या सगळ्यांसाठी ज्यांचा कान आपल्या गाण्यावर तयार झालाय, ज्यांना वेस्टर्न नोटेशन येत नाही (मलाही येत नाही, मी हौशी तबलावाला), पण एकदा बाख नीट ऐकून बघायचाय. अख्खा 'बी मायनर मास' (मास म्हणजेच मिस्सा, चर्चमधली मुख्य उपासना, इथे तिच्या शब्दांना लावलेलं संगीत) दोन तासांच्या आसपास जातो, तो आत्ता नको. त्यातला फक्त क्रेडो घ्यायचा, नऊ भाग, मिळून साधारण अर्धा तास. बाखने हस्तलिखितावर त्याला नाव दिलंय 'सिंबोलुम निकेनुम', म्हणजे नायसीयाचा मतांगिकार. हा भाग त्याने १७४८-४९ च्या सुमारास लाइपझिगमध्ये लिहून पुरा केला आणि २८ जुलै १७५० ला तो गेला, त्यामुळे हे एका म्हाताऱ्या माणसाचं आवरासावर करतानाचं काम आहे, डोळे जात चाललेल्या माणसाचं.

पहिलं काम म्हणजे मजकूर वाचा. हे टाळलंत तर पुढचं सगळं वाया, खरंच सांगतो. आणि वाचताना लक्षात ठेवा की ही प्रार्थना नाही आणि गोष्टही नाही, हा ठराव आहे. इसवी सन ३२५ मध्ये कॉन्स्टंटाइन बादशहाने नायसीया नावाच्या गावात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिकमध्ये, बिशप लोकांची सभा बोलावली, कारण अलेक्झांड्रियाचा एरियस नावाचा एक धर्मगुरू सांगत होता की पुत्र हा पित्याच्या बरोबरीचा नाही, त्याला पित्याने निर्माण केलंय. सभेने ते फेटाळलं आणि आपण नक्की काय मानतो ते कलमवार लिहून काढलं. पुढे ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या सभेशी जोडलेला जो वाढवलेला मजकूर आहे तोच मिस्सामध्ये म्हटला जातो आणि बाखने घेतलाय तो त्याचाच लॅटिन पाठ. मूळ ग्रीक 'आम्ही विश्वास ठेवतो' असं आहे, लॅटिन मिस्सामध्ये त्याचं 'क्रेडो' झालं, 'मी विश्वास ठेवतो', एकवचनी.

आता गंमत बघा, कुठल्याही सोसायटीच्या मीटिंगचा ठराव घ्या आणि त्याला चाल लावा असं कोणी सांगितलं तर काय कराल? मिस्साच्या सुरुवातीला जो 'कीरिए' येतो त्यात शब्द चारच, प्रभू दया कर, ख्रिस्ता दया कर, त्यामुळे तिथे आलापी करायला रान मोकळं. क्रेडोमध्ये कलमांमागून कलमं, त्यातलं एक तर शुद्ध वकिली भाषेत, 'जन्मलेला, निर्मिलेला नव्हे, पित्याशी एकतत्त्व'. म्हणून क्रेडोला चाल लावणं ही युरोपातल्या प्रत्येक संगीतकाराची परीक्षा असायची. हायडनने एका छोट्या मिस्सामध्ये वेगवेगळ्या आवाजांना एकाच वेळी वेगवेगळी वाक्यं देऊन काम झटपट उरकलं, आणि शूबर्टने त्याच्या सगळ्या लॅटिन मिस्सांमध्ये 'एक, पवित्र, कॅथलिक आणि प्रेषितीय चर्च' ही ओळ सरळ गाळली.

सगळं लॅटिन पाठ करायची गरज नाही, सात खुणा कानात ठेवा. 'क्रेडो' म्हणजे मी विश्वास ठेवतो. 'पात्रेम' म्हणजे पित्यावर. 'एत इन उनुम दोमिनुम', आणि एका प्रभूवर. 'एत इनकार्नातुस एस्त', तो देहधारी झाला, कुमारी मरियेपोटी. 'क्रुसिफिक्सुस', वधस्तंभावर खिळला गेला, पंतय पिलाताच्या अमदानीत, आणि ते वाक्य संपतं 'सेपुल्तुस एस्त' वर, म्हणजे पुरला गेला. 'एत रेसुर्रेक्सित', तो उठला. आणि शेवटी 'एत एक्स्पेक्तो', मी वाट पाहतो, मेलेल्यांच्या पुनरुत्थानाची. हे एका कागदावर देवनागरीत लिहून समोर ठेवा, कोणी बघत नाही. उच्चार सगळीकडे एकसारखे नसतात हेही सांगून ठेवतो, इटालियन वळणाचे लोक 'क्रुचिफिक्सुस' म्हणतात आणि जर्मन 'क्रुत्सिफिक्सुस', त्यामुळे कागदावरचा शब्द सापडला नाही तर घाबरू नका. 'क्रेडो'तला ड मात्र गाताना द होतो, क्रेदो, आणि र जरा खणखणीत, आपल्या जिभेला हे जन्मजात जमतं.

दुसरं काम, वॉर्मअप. लगेच बाख नको, आधी विवाल्दीचा क्रेडो ऐका, आर. व्ही. ५९१ असा नंबर टाकून शोधा. अख्खा मजकूर दहा-बारा मिनिटांत संपतो, चारच भाग, सोलो गायक नाहीतच, फक्त क्वायर, व्हायोलिन कुटुंब आणि खालचा बेस. विवाल्दी हा व्हेनिसचा, स्वतः धर्मगुरू, लाल केसांमुळे त्याला 'लाल पाद्री' म्हणायचे, आणि पिएता नावाच्या अनाथालयात मुलींना संगीत शिकवायचा. याच्यात आराखडा स्वच्छ दिसतो. सुरुवातीला व्हायोलिनं घाईत पळतायत आणि वर क्वायर मोठमोठे सूर धरून ठराव वाचतोय. मग 'इनकार्नातुस'ला सगळं एकदम थबकतं. हे थबकणं उगाच नाही, मिस्सामध्ये या शब्दांना लोक मान झुकवतात, आणि नाताळला गुडघे टेकतात. मग 'क्रुसिफिक्सुस'मध्ये बेस एक एक पाऊल टाकत चालतो. आणि 'रेसुर्रेक्सित'ला सुरुवातीची पळापळ परत येते. दोनदा ऐका, बास. आता तुम्हाला माहिती झालं की कुठे थांबायची, कुठे रडायची आणि कुठे उसळायची पद्धत आहे. बाख याच पद्धतीत राहून काय करतो ते ऐकायचंय.

तिसरं काम, बाख मधूनच सुरू करा. हो, शफल बंद करा म्हणून मीच आता मधून सुरू करायला सांगतोय, पण हे ठरवून आहे. नऊ भागांतला पाचवा लावा, 'क्रुसिफिक्सुस'. बाखने तो मुद्दाम बरोब्बर मध्यावर ठेवलाय, अलीकडे चार पलीकडे चार. आधी तसा नव्हता, 'इनकार्नातुस'चे शब्द आधीच्या द्वंद्वगीतात बसवून झाले होते, मग त्याने वेगळं पान लिहून तो स्वतंत्र भाग मधे घातला, आणि तेव्हा हा मध्य साधला.

इथे तबला शिकलेल्याला, कथक बघितलेल्याला घरच्यासारखं वाटेल, कारण हा सरळसरळ लेहरा आहे. तबला सोलोला सारंगी किंवा हार्मोनियम एकच ओळ घोळवत राहते आणि वर तबला काय वाट्टेल ते बोलतो, तसंच. खालच्या बेसची चार मापांची ओळ आहे, प्रत्येक मापात तीन ठोके, म्हणजे आवर्तन १२ मात्रांचं, एकतालाइतकं (खाली-भरी शोधू नका, ती नाही). आणि त्या ओळीत काय आहे? तिथल्या मूळ सुराला सा धरा, मग ओळ अशी उतरते, सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प. आपल्याकडे गुरुजींनी हे ऐकलं तर कान पिळतील, दोन्ही नी लागोपाठ, दोन्ही ध लागोपाठ, पण युरोपात असं अर्ध्या अर्ध्या सुराने घसरत उतरणं म्हणजे विलापाची ठरलेली खूण होती. हार्मोनियम असेल तर पांढरी चार वगैरे काही बघू नका, कुठलीही पट्टी सा धरून हे सहा सूर हळूहळू वाजवा, एका मिनिटात अंगावर येतं.

आता आवर्तनं बोटांवर मोजा. पहिलं नुसत्या वाद्यांचं. दुसऱ्यापासून आवाज येतात, एकेक करून, 'क्रुसिफिक्सुस', 'क्रुसिफिक्सुस', जणू चौघं जण चार कोपऱ्यांतून तोच शब्द बोलतायत. सगळ्यात वरचा सोप्रानो या भागात गप्प आहे, बाकीचे पाचाचे चारच आवाज गातात. असं होत होत बाराव्या आवर्तनापर्यंत बेस जराही हलत नाही. तुम्ही तेराव्याला कान लावून बसा. तेराव्याला वरच्या बासऱ्या आणि व्हायोलिनं थांबतात, फक्त क्वायर आणि बेस उरतो, आवाज खाली खाली जातात, 'सेपुल्तुस एस्त', पुरला गेला, आणि बारा वेळा ज्या वाटेने आलो ती वाट सोडून बेस पहिल्यांदाच वळतो आणि दुःखाच्या पट्टीतून हळूच मेजरमध्ये, म्हणजे जरा उजेडाच्या पट्टीत टेकतो. कबरीच्या तळाशी असा उजेड ठेवलाय आणि त्याबद्दल शब्दात काही नाही, ठरावात तर नाहीच.

एक इशारा. हा शेवट इतका हळू असतो की हेडफोनवर आपण व्हॉल्यूम वाढवतो. वाढवू नका. पुढच्या क्षणी 'एत रेसुर्रेक्सित' काहीही प्रस्तावना न करता फुटतो, क्वायर, ट्रंपेट, टिंपनी (म्हणजे मोठे नगारे) सगळे एकदम, मी एकदा रात्री साडेअकराला अंथरुणात दचकून उठून बसलोय. आणि फुकटवाल्या अ‍ॅपमध्ये नेमकी याच दोन भागांच्या मधे जाहिरात येऊ शकते, मग सगळा खेळ खल्लास, त्यामुळे निदान ह्या एका जोडीसाठी तरी जाहिरात नसलेला, सलग व्हिडिओ शोधा. नेदरलँड्स बाख सोसायटीने अख्खा मास यूट्यूबवर टाकलाय, गाणाऱ्यांचे चेहरे जवळून दिसतात, नवख्याला तो सगळ्यात बरा, कोण कधी सुरू करतंय ते डोळ्यांनी कळतं.

'क्रुसिफिक्सुस' बद्दल अजून एक. तो नवा लिहिलेला नाही. वायमारला असताना १७१४ मध्ये बाखने एक कँटाटा, म्हणजे आवाज आणि वाद्यांची अनेक भागांची रचना, केला होता, 'वाइनेन, क्लागेन, सोर्गेन, झागेन', म्हणजे रडणं, विलाप, काळजी, भीती, त्यातलाच हा भाग, पस्तीस वर्षांनी शब्द बदलून, बेसला ठोके वाढवून, सुरुवातीचं वाद्यांचं आवर्तन जोडून आणि ते शेवटचं वळण नव्याने देऊन. क्रेडोतले आणखी भागही असे जुन्यातून आलेत. काहींना हे कळल्यावर जरा फसवल्यासारखं वाटतं. मला नाही वाटत, आपल्याकडे एकाच बंदिशीवर माणूस आयुष्य काढतो आणि साठीत तीच वेगळी गातो, तेव्हा आपण त्याला कॉपी म्हणत नाही.

ही जोडी चार-पाच वेळा ऐकून झाली, की चौथं काम, आता पहिल्यापासून सलग. कागद समोर.

पहिला भाग जुन्या चर्चच्या पठणाच्या सुरावर बांधलाय, ग्रेगोरियन म्हणतात तो, बाखच्या काळातही शेकडो वर्षं जुना. टेनर, म्हणजे पुरुषांतला वरचा आवाज, एकटा लांब सूर धरून सुरू करतो, 'क्रेदो', आणि खाली बेस न थांबता चालत राहतो, टक टक टक टक. मग एकेक आवाज तोच सूर घेऊन येतो, पाचही आवाज येऊन झाले की वाटतं संपले, तर दोन व्हायोलिनं सहावा आणि सातवा आवाज म्हणून तीच ओळ घेऊन शिरतात, शब्दांशिवाय. शेवटाकडे गायकांतला बेस तीच ओळ दुप्पट संथ करून गातो. आपल्या भाषेत ठाय म्हणा, बाकी सगळे आपापल्या लयीत आणि खाली एक जण ठाय लयीत.

दुसऱ्यात पित्याचं कलम सुरू होतं, पण वरचे आवाज मागचंच 'क्रेदो इन उनुम देउम' ओरडत राहतात, ट्रंपेट येतात, मजा आहे. या भागाच्या शेवटी बाखने स्वतःच्या हाताने ८४ हा आकडा लिहिलाय, मापं मोजून. सात गुणिले बारा म्हणून त्यावर लोकांनी काय काय आकडेशास्त्र रचलंय, मी त्या फंदात पडत नाही.

तिसरा भाग मात्र सोडू नका, दोन बायकी पट्टीचे आवाज, गोड आहे म्हणून लोक पार्श्वसंगीतासारखा ऐकतात. आठवा ते वकिली कलम, पित्याशी एकतत्त्व. बाखने काय केलंय, एक वाद्य ओळ वाजवतं, लगेच एका ठोक्याच्या अंतराने दुसरं तीच ओळ वाजवतं, सूर तेच, पण पहिल्याने शेवटचे सूर तोडून वाजवायचे आणि दुसऱ्याने जोडून, मींड घेतल्यासारखे. एकच द्रव्य, व्यक्ती दोन. चौथ्या शतकात ज्या शब्दावरून बिशप लोक भांडले ते कलम इथे दोन ओबो (सनईच्या जातीचं वाद्य) आणि दोन व्हायोलिन गटांच्या हातात दिलंय. मी हे कळल्यावर तो तुकडा सात-आठ वेळा मागे घेऊन ऐकला, पहिल्या दहा सेकंदांतच आहे, तुम्हीही घ्या.

चौथा, 'इनकार्नातुस', सगळे आवाज वरून खाली उतरतात, स्वर्गातून उतरणं म्हणजे उतरणंच. मग पाच आणि सहा तुमच्या ओळखीचे झालेत. सहाव्यात मधेच बेसवाले एकटे बराच वेळ गातात, 'तो पुन्हा येईल, जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला', तेवढं लक्षात घ्या. सातवा पवित्र आत्म्यावरचा, एकट्या बेस गायकाचा, छान आहे, लांब आहे, पहिल्या दिवशी इथे चहा घेतला तर मी कोणाला सांगणार नाही.

आठवा, 'कोन्फितेओर', एका बाप्तिस्म्याचा अंगीकार. सगळी वाद्यं गेली, फक्त आवाज आणि खालचा बेस. नवख्याला हाच सगळ्यात कोरडा वाटतो, पाच आवाजांची दाट विणी, मधूनच त्यात तो जुना पठणाचा सूर लांब लांब धरलेला. धीर धरा. शेवटाजवळ लय एकदम बसते आणि शब्द येतात 'एत एक्स्पेक्तो', मी वाट पाहतो, आणि इथे सूर इतके विचित्र वाटांनी जातात की आपण कुठल्या पट्टीत आहोत तेच कळेनासं होतं. पक्की खात्री सांगणाऱ्या दस्तऐवजात शेवटच्या कलमाला बाख असा अंधारात चाचपडल्यासारखा का जातो? माझं मत विचाराल तर 'मी विश्वास ठेवतो' आणि 'मी वाट पाहतो' यातला फरक त्याने ऐकला होता. पटलं नाही तरी चालेल. त्या अंधारातून एका झटक्यात नववा भाग उजाडतो, तेच शब्द, मी वाट पाहतो, पण आता ट्रंपेट, टिंपनी, पळती लय, आणि आमेन.

रेकॉर्डिंग कुठलं घ्यायचं यावर लोक मारामाऱ्या करतात. नवख्याने दोन टोकं ऐकावीत. १९६१ चं कार्ल रिख्टरचं, मोठा क्वायर, भारदस्त, आणि जोशुआ रिफ्किनचं, ज्यात क्वायरच्या प्रत्येक ओळीला एकच गायक. 'क्रुसिफिक्सुस' मला रिफ्किनमध्ये जास्त लागतो, चार माणसं खोलीत बसून बोलल्यासारखा, 'रेसुर्रेक्सित'ला मात्र गर्दीच पाहिजे. स्कोअर, म्हणजे सगळ्या आवाजांचं लिहिलेलं नोटेशन, आयएमएसएलपी या वेबसाइटवर फुकट आहे, नोटेशन येत नसलं तरी तो उघडा, 'क्रुसिफिक्सुस'च्या पानावर सगळ्यात खालची ओळ बघा, तीच ती नक्षी पुन्हा पुन्हा आलेली डोळ्यांनाही दिसते.

ज्यांना गाऊन बघायचंय त्यांनी बाखपासून सुरुवात करू नये, विवाल्दीचा घ्यावा, आणि शेजारी नोटेशन वाचणारा एक जण गाठावा. गोव्यात किंवा वसईत असाल तर तो शोधायला लांब जावं लागणार नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांत पोरांना सोलफेज (नोटेशन बघून सूर नावाने गाणं, आपल्या सरगमसारखं) आणि व्हायोलिन शिकवायचे, तिथूनच तयार झालेले वादक पुढे मुंबईच्या हिंदी सिनेमात गेले, आणि सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्यांनी जे अरेंजमेंटचं काम केलं त्यातले एकमेकांत गुंतणारे व्हायोलिनचे आवाज आपण लहानपणापासून रेडिओवर ऐकतोच आहोत. त्यामुळे चार ओळी एकत्र ऐकायची सवय नाही असं कोणी म्हणालं तर मला पटत नाही, फक्त लक्ष मुख्य चालीवर असतं एवढंच.

आणि पैसे-बिसे जमवून लाइव्ह ऐकायला गेलात तर मधल्या भागांना टाळ्या वाजवू नका, 'रेसुर्रेक्सित'नंतर हात शिवशिवतात, माझे गेले होते, पुढच्या रांगेतल्या काकूंनी मागे वळून असं बघितलं की अजून आठवतंय. फक्त क्रेडो वाजवायला ऐतिहासिक आधारही आहे बरं का, बाखचा मुलगा कार्ल फिलिप एमानुएल याने १७८६ मध्ये हॅम्बुर्गच्या एका धर्मादाय कार्यक्रमात बापाच्या मासमधला एवढाच भाग सादर केला होता, पुढे स्वतःची छोटी वाद्य-प्रस्तावना जोडून. अख्खा मास छापून पुरा व्हायला १८४५ उजाडलं.

शेवटच्या आमेननंतर अ‍ॅप आपोआप 'सांक्तुस', म्हणजे मासचा पुढचा भाग, सुरू करेल, तिथे पॉज दाबा. तो १७२४ च्या नाताळचा आहे, सहा आवाजांचा, त्याला वेगळी संध्याकाळ द्या.